घरची घडी आणि शाळेचे घड्याळ

(केंद्र शिक्षण परिषदेत एका पालक-सदस्याने केलेले भाषण)



आपण शिकविणारी माणसे, आणि मी मालवणच्या किनाऱ्यावरील एक मच्छीमार, दोन मुलांचा बाप. आपणांस उपदेश करण्याचा मजकडे काहीच अधिकार नाही. परंतु मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने शाळा व्यवस्थापन समितीतील किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांकरिता ठेवल्या. जागा मिळाली, तेव्हा बोलण्याचे कर्तव्यही आलेच. म्हणून मुलांचा अभ्यास व घरातील व्यवस्थितपणा या विषयावर, अनुभवाने जे शिकलो तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

प्रथम माझी चूक सांगतो. थोरल्या मुलीने शिष्यवृत्ती परीक्षेस बसावयाचे ठरविले होते. अभ्यास तिचा तीच करी. आवेदनपत्रास लागणारे कागद आणि शेवटची तारीख यांविषयीचा संदेश माझ्या मोबाईलवर आला. घरात मोबाईल तो एकच, आणि तो मजबरोबर होडीवर. किनारा दूर राहिला की तेथे संदेश पोहोचत नाही. परत आलो तेव्हा त्यावर चाळीस-पन्नास संदेश एकदम येऊन पडले. मासळी उतरविली, जाळे धुतले आणि निजलो. पुढे तो संदेश जेव्हा वाचला, तेव्हा मूळ मुदत संपली होती आणि वाढवून दिलेलीही संपली होती.

मुलगी रडली नाही. तिने एवढेच विचारले, “बाबा, माका कित्याक नाय सांगलास?” या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. तारीख शाळेस ठाऊक होती, माझ्या मोबाईलमध्ये होती. जिची परीक्षा, तिच्यापाशी मात्र ती नव्हती. त्या दिवशी मला उमगले की मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था आपण मुलाच्या डोक्यावरून करीत असतो. आई दप्तर भरते, बाप तारखा सांभाळतो, आणि मूल मात्र मोकळ्या हाताने उभे असते. मग त्यालाच आपण वेंधळे म्हणतो.

आमची घरे अव्यवस्थित असतात, असे पुष्कळदा ऐकावे लागते. त्याविषयी नम्रपणे एक सांगावयाचे आहे. आपणांपैकी कित्येकांनी रापण ओढताना पाहिली असेल. दोराचे एक टोक किनाऱ्यावरील माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते, अर्धवर्तुळात जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक घेऊन किनाऱ्यास परत लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसे ओढू लागतात. हे जाळे होडीत कसेही टाकून चालत नाही. जे शेवटी सुटावयाचे ते तळाशी, जे आधी सुटावयाचे ते वर, अशा क्रमाने ते रचावे लागते. एक घडी चुकली तर गुंता होतो आणि साऱ्यांचे श्रम वाया जातात. आमच्या घरातील लहान पोरही ही रचना पाहतच वाढते.

वेळेचेही तसेच आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. तिथीस पाऊणने गुणावे आणि भरतीची वेळ काढावी, असा किनाऱ्यावरील जुना ठोकळ हिशेब आहे. चतुर्थीस चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तेव्हा तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ज्या घरात आजोबा हा हिशेब तोंडी करतात, त्या घरात वेळापत्रक नाही असे कसे म्हणावे? घरचे वेळापत्रक चंद्रावर चालते, शाळेचे घड्याळावर. या दोहोंच्या मध्ये मूल उभे असते आणि त्याला एकातून दुसऱ्यात कसे जावे हे कोणी दाखवीत नाही.

आम्ही तो मार्ग भिंतीवर शोधला. १९७३ साली ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका सुरू करणारे जयंतराव साळगावकर हे मूळचे आपल्या मालवणचेच. तिच्या एकाच चौकोनात इंग्रजी तारीख असते आणि तिथीही असते. पूर्वी आमच्या घरी ती केवळ सण, संकष्टी आणि उधाण पाहण्याकरिता होती. आता ती मुलीच्या उंचीला लावली आहे. शाळेतून आल्यावर तारखेची जी गोष्ट असेल ती ती स्वतः लाल पेन्सिलीने लिहिते. माझी होडी केव्हा जाणार, केव्हा येणार, हेही तीच लिहिते. सहीचा कागद मी असेन त्या दिवशीच पुढे येतो. दाराजवळ एक फळी ठोकली आहे. दप्तर, छत्री आणि शाळेचे कागद यांची जागा तेथेच. नवे काही विकत आणावे लागले नाही.

हे सारे सुरळीत झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. आईने धाकट्याचे दप्तर भरणे बंद केले, तेव्हा पहिल्या आठवड्यात तो दोनदा वहीवाचून शाळेत गेला. मासळीच्या लिलावास जाण्याच्या घाईतही वही घेऊन शाळेत धावावे, असे तिला वाटे. तिने मन आवरले. गुरुजींनीही त्याला शिक्षा केली नाही, “उद्या काय करशील?” एवढेच विचारले. आज तो रात्रीच दप्तर फळीवर ठेवतो. अजूनही कधी विसरतो. पण विसरले ते त्याचे त्यालाच कळते, हा लाभ मोठा आहे.

आता आपणांस तीन विनंत्या करतो. पहिली ही की, पालकास पाठविलेली प्रत्येक सूचना आधी मुलांना सांगावी, फळ्यावर लिहावी आणि त्यांच्याकडून वदवून घ्यावी. मोबाईल समुद्रावर जातो. मूल रोज घरी येते.

दुसरी ही की, पालकसभेचा दिवस ठरविताना आमच्या होड्यांचा विचार व्हावा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांकरिता कुरणशाळा चालविली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. आम्ही एवढे मागत नाही. शिक्षकांनी तिथी पाहून सभा बोलवावी, इतकेच मागणे आहे.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. शाळा जूनच्या मध्यास उघडते. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या वेळी समुद्र खवळलेला असतो, होड्या शाकारलेल्या असतात आणि आम्ही बाप मंडळी घरी जाळी विणीत बसलेलो असतो. नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण झाला की आमचे लक्ष पुन्हा पाण्याकडे लागते. मग गणपती येतात आणि घर पाहुण्यांनी भरते. तेव्हा वर्षाची घडी बसवावयाची ती नारळी पौर्णिमेच्या आत. आपण त्या आठवड्यांत आम्हांस बोलवा, नव्हे, एखाद्या संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसा. फळी कोठे ठोकावी, दिनदर्शिका कोठे लावावी, हे मुलासमोर ठरू द्या. जूनमध्ये दिलेला एक तास फेब्रुवारीतील दहा तक्रारी वाचवील.

मुलीची ती परीक्षा गेली, ती परत येणार नाही; त्याची खंत मला आहे. परंतु दुसऱ्या कोणाच्या मुलीने आपल्या बापाला तो प्रश्न विचारण्याची वेळ येऊ नये, म्हणून घरची ही गोष्ट आपणांपुढे मांडली. रापणीच्या दोराला दोन टोके असतात. एक आपल्या हाती आहे, एक आमच्या. दोन्ही बाजूंनी सारखी ओढ लागली, तरच जाळे सरळ किनाऱ्यास येते.