वाचायला कोणती कादंबरी घ्यावी?

मैत्रिणींनो, वाचन मंडळासाठी दोन महायुद्धांमधल्या काळातली कादंबरी म्हटलं की वामन मल्हार जोशींची ‘सुशीलेचा देव’ (१९३०) हमखास सुचवली जाते. चांगलीच आहे, पण तात्त्विक चर्चा फार. मी ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) घ्या म्हणेन. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर, यांनी ती ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावानं लिहिली. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं प्रेम, तिची मुलाची ओढ त्यात आहे. मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली! ‘परित्यक्तांपुढे हे कशाला, त्यांना त्रास होईल,’ असं आपल्यातल्याच काही म्हणतात. हे आपण परस्पर का ठरवायचं? सुरुवातीची काही पानं बैठकीत मोठ्यानं वाचा, आणि पुढे वाचायचं का, ते त्यांनाच विचारा.