घास कोठे अडतो?



कामगार संघटनेचा माणूस अन्ननलिकेवर काय बोलणार, असे कार्यक्रमपत्रिका पाहून पुष्कळांना वाटले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही अर्ध्यावर सुटलेली. परंतु कारखान्यातले अमुक काम कुशल की अर्धकुशल, या भांडणात आमची उमर गेली. एकच काम दोन कारखान्यांत दोन नावांनी चालते आणि मजुरी मात्र नावावर ठरते. ते नाव कोणी व कशावरून ठरविले, हे विचारण्याची आम्हांला खोडच आहे.

आमच्या एका जोडीदाराचा घास छातीत अडे. पुढे पुढे पाणीसुद्धा अडू लागले. रात्री उशीवर अन्न परत येई. एका ठिकाणी आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी मनाचा आजार ठरला, तिसऱ्याने दुर्बीण घालून पाहिली आणि आत काहीच नाही म्हणून सांगितले. मग मुकादमाने कामचुकार म्हणण्यास काय उशीर? अंगावरचा सदरा झोळीसारखा लोंबू लागला, तेव्हा कुठे दाब मोजण्याची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळाले: अॅकॅलेशिया.

आजार विरळा आहे. वर्षाकाठी लाखात सुमारे एकाला तो नव्याने जडतो. आपली अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही. स्नायूंची लाट त्याला ढकलते, आणि जठराच्या तोंडाशी आवळलेला स्नायू त्याच वेळी सैल होतो. या आजारात तो सैल होत नाही आणि लाटही नीट उठत नाही. दुर्बिणीला भिंत दिसते. भिंतीचा जोर तिला मोजता येत नाही.

जोर मोजायला नाकातून नळी घालतात. जुन्या नळीवर दाब टिपणाऱ्या जागा मोजक्याच, त्याही दूर दूर. मधले सारे अंदाजाने. सेंट लुईसच्या रे क्लाऊस यांनी त्या जागा जवळ जवळ आणून दाबाचा रंगीत नकाशा काढण्याची रीत बसविली. आता ३६ जागा, एकेका सेंटिमीटरवर. नकाशा तर झाला, पण तो वाचायचा कसा? दहा जणांनी दहा तऱ्हांनी वाचला तर आमच्या जोडीदाराची गत पूर्वीचीच! म्हणून २००८ साली सॅन दिएगो येथे जाणकार एकत्र बसले, आणि तेथून ‘शिकागो वर्गीकरण’ घडत गेले. शिकागो म्हटले की आम्हांला १८८६ सालचा मे महिना आणि आठ तासांचा लढा आठवतो, ते असो.

रोग्याला ५ मिलिलिटर पाण्याचे १० घोट देतात. प्रत्येक घोटानंतरच्या १० सेकंदांतले सर्वांत कमी दाबाचे ४ सेकंद निवडून सरासरी काढतात. ती पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या वर राहिली, तर खालची वाट नीट मोकळी झाली नाही असे धरतात. मात्र हा आकडा एका बनावटीच्या नळीचा. दुसऱ्या बनावटीला २२ धरतात. काटा कोणता ते न विचारता नुसत्या आकड्यावर भांडू नये, हे आम्ही वजनाच्या दांडीवर शिकलो होतो.

नावाने काय होते, असे कोणी म्हणेल. अॅकॅलेशियाचे तीन प्रकार या नकाशावर वेगळे दिसतात. दुसऱ्या प्रकाराला उपचाराचा गुण चांगला येतो. तिसऱ्यात नलिका मध्येच जोराने आखडते. तेथे फुगा फुगवून वाट रुंद केल्याने बहुधा भागत नाही, स्नायूला लांब छेद द्यावा लागतो. तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच छेद देण्याची रीत योकोहामाच्या हारुहिरो इनोऊए यांनी २००८ साली प्रथम माणसावर वापरली. म्हणजे येथेही नावावर मजुरी ठरते.

या वर्गीकरणाची चौथी आवृत्ती २०२१ साली निघाली. ५२ जाणकार दोन वर्षे खपले. आम्हांला त्यांचा आदर वाटला तो एका माघारीसाठी. पूर्वी खालच्या तोंडाशी दाब अधिक दिसला की ‘वाटेत अडथळा’ असा शिक्का बसे. पुष्कळांना तो उगाच बसला. आता निजवून आणि बसवून, दोन्ही वेळा दाब अधिक हवा. बेरियम पाजून क्ष-किरणांखाली पाहण्यासारखी दुसरी एखादी साक्ष हवी. आणि मुख्य म्हणजे रोग्याची घास अडण्याची किंवा छातीत दुखण्याची तक्रार हवी. यंत्र काहीही म्हणो, तक्रारीवाचून शिक्का पुरा होत नाही. आमच्या संघटनेच्या कचेरीतला नियम डॉक्टरांच्या पुस्तकात सापडावा याची आम्हांला मौज वाटली. शिवाय ५ मिलिलिटर पाणी पिऊन कोणी जेवत नाही. अडते ती भाकरी. म्हणून गरज पडल्यास भरभर पाणी पाजून अथवा घट्ट अन्न चारूनही पाहावे, असे त्यांनी घातले आहे.

पण मापदंड कागदावर कितीही चांगला असो, नळी जेथे नाही तेथे तो काय करणार? आमच्या जोडीदाराला त्या एका तपासणीसाठी मुंबई गाठावी लागली. तीन दिवसांचा रोज बुडाला. त्याचा प्रकार दुसरा निघाला. आता तो भाकरी खातो, घासागणिक पाणी पितो आणि जेवायला सर्वांत आधी बसून सर्वांत शेवटी उठतो. त्याच्या कारखान्यातल्या कागदावर कामचुकारपणाचा शेरा मात्र तसाच आहे. तो काढावा म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यासह आम्ही अर्ज केला आहे. उत्तर अद्याप यायचे आहे.