पन्हाळ्यावरचा तुटता तारा



१७ नोव्हेंबर १९९८ ची पहाट आठवते ना? विज्ञानाचे सर आपल्याला सिंह राशीतला उल्कावर्षाव दाखवायला पन्हाळ्यावर घेऊन गेले होते. कडाक्याची थंडी, अंगावर घोंगडी. एकाएकी इतकी तेजस्वी उल्का पडली की तटावर आपल्या सावल्या उमटल्या. तुम्ही सगळे ओरडलात, मी मात्र रडलो. माझे वडील तेव्हा दवाखान्यात होते, आणि तारा तुटला की कुणीतरी जातं, असं आजी सांगायची.

सर हसले नाहीत. शेजारी बसून म्हणाले, "अरे, तो तारा नव्हे. टेंपल-टटल धूमकेतूनं मागं टाकलेला शेंगदाण्याएवढा खडा. सेकंदाला ७१ किलोमीटर वेगानं हवेत शिरला आणि जळाला. तारे सगळे जागेवर आहेत, बघ."

महिन्याभरानं वडील गेलेच. पण त्याचा दोष मी आभाळाला दिला नाही.

आज सर नाहीत. तो धूमकेतू मात्र दर ३३ वर्षांनी फिरून येतो. आता २०३१ साली येईल. तेव्हा पोरांना घेऊन पुन्हा पन्हाळ्यावर जमूया. कुणी घाबरलंच, तर शेजारी बसायला आपण असू.