गोंधळ : एका रात्रीचे ऐकणे

वर्गात गलका झाला की आम्ही मास्तर मंडळी टेबलावर डस्टर आपटतो आणि म्हणतो, "गोंधळ घालू नका." घरात सामान इकडचे तिकडे झाले की गृहिणी म्हणते, "काय हा गोंधळ!" कचेरीत कागद सापडेनासा झाला की साहेब कारकुनाला हेच म्हणतो. मीही हा शब्द वर्षानुवर्षे याच अर्थाने वापरीत आलो. आणि गंमत अशी की, लोकसाहित्याचा तास आला म्हणजे हाच शब्द मी मोठ्या आदराने फळ्यावर लिहीत असे आणि त्याखाली मुद्दे घालीत असे : उगम, स्वरूप, वाद्ये, प्रकार. मुले ते उतरवून घेत. परीक्षेत लिहीत. मी गुण देत असे. असे पंधरा-एक वर्षे सुरळीत चालले होते.

२०१८ सालची गोष्ट. उन्हाळी सुट्टी जवळ आली होती. लोकसाहित्याचा तास होता, आणि मुले काही केल्या गप्प बसेनात. मी सवयीने ओरडलो, "अरे, गोंधळ थांबवा!" तोच मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, गोंधळी तर वर्गातच बसलाय." सगळा वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा तेवढा हसला नाही. तो गोंधळ्यांच्या घरचा होता, हे वर्गाला ठाऊक होते; मला नव्हते. श्रोतेहो, खरे सांगावयाचे तर त्या वेळी मीही हसलो. विनोद बरा होता, आणि मी हसलो.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा वर्गात दिसेना. आठवड्याभराने तो मला एस.टी. स्टँडवर भेटला. हातात पिशवी, पिशवीतून तुणतुण्याची दांडी बाहेर आलेली. मी विचारले, "काय रे, तासाला येत नाहीस?" तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "लग्नसराई आहे सर. तात्यांना साथीला माणूस लागतो." आणि जरा थांबून म्हणाला, "सर, रागावणार नसाल तर एक विचारू? रात्रभराचा गोंधळ तुम्ही कधी बसून ऐकलाय का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग शनिवारी या. आमच्याच गावात आहे."

आता या मुलाला मी काय उत्तर देणार? ज्या विषयावर मी पंधरा वर्षे गुण वाटले, तो विषय मी डोळ्यांनी पाहिला नव्हता, असे नव्हे. लग्नघरी घटकाभर उभा राहून पाहिला होता. पण पाहणे वेगळे आणि बसून ऐकणे वेगळे. मी शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीने निघालो.

गाव तुळजापूरच्या अलीकडचे, बालाघाटच्या माळावरचे. घर एका शेतकऱ्याचे. मुलाचे लग्न आदल्या दिवशी झालेले. लग्न झाले की कुलदेवीचा गोंधळ घालावयाचा, तोवर लग्नाचे कार्य पुरे झाले असे मानीत नाहीत, ही आपल्याकडची जुनी चाल. अंगणात पाट मांडून त्यावर नवे वस्त्र पसरले होते. त्यावर धान्याचा चौक, मध्ये कलश, कलशावर विड्याची पाने आणि नारळ. भोवती धाटे उभी करून वर जुडी बांधलेली. शेजारी दिवटी. दिवटी म्हणजे कापडाची जाड वात बसविलेली मशाल; तिला रात्रभर तेल पाजावे लागते.

गोंधळी चौघे होते. नाईक म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचे चुलते, ज्यांना तो तात्या म्हणत असे. वय साठीच्या पुढचे. अंगात घोळदार झगा, डोईला मुंडासे, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला कुंकू. एकाच्या कमरेला संबळ बांधलेला. संबळ म्हणजे दोन भांड्यांची जोडी, एकाचा आवाज उंच आणि एकाचा खर्जातला. खर्जाचे भांडे ज्या काठीने वाजवितात तिचे टोक वाकडे असते. तिसऱ्याकडे झांज, आणि माझ्या विद्यार्थ्याकडे तुणतुणे. तुणतुण्याला तार एकच. पण ती एक तार रात्रभर न थांबता सूर धरून ठेवते. गाणाऱ्याने कितीही लांबची फेरी मारली तरी परत यावयाचे घर तेच.

या कलेच्या जन्माची गोंधळी लोक एक कथा सांगतात. परशुरामाने बेटासुराला मारले, त्याच्या शिरातून शिरांची तार ओवून वाद्य केले आणि ते वाजवीत आई रेणुकेला वंदन केले. तो पहिला गोंधळ. अभ्यासक दुसरी वाट दाखवितात. बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्याचे वर्णन आहे. त्याच्याशी ते गोंधळाचे नाते जोडतात. एकनाथ महाराजांनी तर गोंधळाचे रूपक घेऊन रचना केल्या. गोंधळ्यांत माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजाभवानीचे ते कदमराई, अशा दोन शाखा सांगतात. हे सगळे माझ्या टिपणवहीत होते. जे टिपणवहीत नव्हते ते आता सांगतो.

गोंधळ सुरू होण्यापूर्वी घरचा एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, "तात्या, अर्ध्या तासात उरका बरं का. नंतर डीजे लावायचाय. त्याचे पैसे भरलेत." तात्या रागावले नाहीत. म्हणाले, "आख्यान कमी करीन मालक. पण देव गाळता येत न्हाई. एकाला बोलवायचं आन् दुसऱ्याला दारात उभं ठेवायचं, हे बरं दिसंल व्हय?"

मग त्यांनी आवाहन सुरू केले. आधी गणपती, मग तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. एकेक देव, एकेक गाव. मग जवळची ठाणी, मग वेशीवरचा मारुती, शिवेवरची आई, ज्याची नावे बाहेरच्या माणसाने कधी ऐकलेली नसतात असे शेताच्या बांधावरचे देव. प्रत्येकाला गोंधळाचे आमंत्रण. मी वहीत हे 'आवाहन' असे एका शब्दात लिहीत होतो. तेथे बसलो तेव्हा कळले की हा एक नकाशा आहे. लिहिता न येणाऱ्या माणसांनी आपला मुलूख पाठ करून ठेवला, तो असा. आपल्या बांधावरच्या देवाचे नाव आले की समोरची म्हातारी हात जोडी. तिच्या माहेरचे गाव आले की डोळ्याला पदर लावी. मोठ्या तीर्थाला जेवढा सूर लावला तेवढाच तात्यांनी बांधावरच्या दगडाला लावला.

मध्येच करपल्लवीचा खेळ झाला. करपल्लवी म्हणजे हाताच्या बोटांची भाषा. ती गोंधळ्यांच्या घरातच शिकवतात. माझा विद्यार्थी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, एक नाव सांगा, कानात." मी माझ्या आजीचे नाव सांगितले. ते जुन्या वळणाचे नाव, आता कोणी ठेवीत नाही. तो लांब जाऊन उभा राहिला आणि त्याची बोटे हलू लागली. पलीकडून तात्यांनी एकदा पाहिले आणि खड्या आवाजात माझ्या आजीचे नाव घेतले. मंडळी हसली, टाळ्या झाल्या. माझ्या अंगावर मात्र काटा आला. आजीला जाऊन वीस वर्षे झाली होती, आणि तिचे नाव एका परक्या गावाच्या अंगणात देवांच्या नावांबरोबर उच्चारले गेले. आणि हा मुलगा, जो माझ्या वर्गात कधी तोंड उघडीत नसे! मी त्याला अबोल समजत होतो. त्याच्याजवळ एक भाषा अधिक होती. ती मला वाचता येत नव्हती, एवढेच.

अर्धा तास केव्हाच उलटून गेला. तात्यांनी शब्द पाळला, आख्यान सोडले आणि आरतीची तयारी केली. पण आवाहन संपले तेव्हाच तरुण मंडळी उठून मागच्या मैदानाकडे गेली होती. थोड्या वेळाने तिकडून डीजेचा आवाज असा सुरू झाला की दिवटीची ज्योतसुद्धा थरथरू लागली. संबळवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. मला वाटले, संपले.

घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी, नवरदेवाच्या आजींनी, आतून विचारले, "आन् आख्यान रं? आख्यानाबिगर गोंधळ व्हतो का?" तात्या म्हणाले, "आई, ऐकायला माणूस कुठाय?" म्हातारी म्हणाली, "आमी काय मेलोय?"

मी मोजले. आम्ही सातजण होतो. चार म्हाताऱ्या, घरधनी, त्यांचा गडी आणि मी. रात्री बाराच्या सुमारास डीजे थांबला, मैदान रिकामे झाले, आणि तात्यांनी आमच्या सातजणांसाठी जांभूळाख्यान लावले. तेल घालणारा मुलगा झोपून गेला होता. विद्यार्थ्याने बुधली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सर, दिवटी विझू देऊ नका." अशा रीतीने मी श्रोत्याचा सेवेकरी झालो.

जांभूळाख्यान तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. शाहीर विठ्ठल उमप यांनी ते रंगभूमीवर आणून शहरातल्या लोकांनाही ऐकविले. सांगण्याच्या तऱ्हा गावोगाव निराळ्या. मी त्या रात्री ऐकली ती अशी. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात आले, हा सहावा असता तर! कृष्णाने ते ओळखले. तो पांडवांना घेऊन वनात गेला. तेथे एका झाडाला एकच जांभूळ होते. ते तोडले गेले. कृष्ण म्हणाला, हे एका ऋषीचे अन्न. आता तो शाप देईल. उपाय एकच. प्रत्येकाने मनात लपविलेले खरे सांगावयाचे, म्हणजे फळ थोडे थोडे वर चढून देठाला लागेल. पाची भाऊ बोलले, फळ वर चढले. द्रौपदी बोलली, पण राखून बोलली. फळ तेथेच थांबले. शेवटी तिने खरे सांगितले, आणि जांभूळ देठाला लागले.

एवढीच गोष्ट. ती मी वर्गात चार मिनिटांत सांगत असे. तात्यांना तिला तीन तास लागले. तात्या द्रौपदी होत, साथीदार मध्येच खोडी काढून विचारी, "मंग पुढं काय झालं?" आणि तात्या त्याला गावातलेच उदाहरण देत. म्हाताऱ्या हसत, मग एकदम गप्प होत. द्रौपदी राखून बोलते त्या ठिकाणी तात्या थांबले. संबळ थांबला. तुणतुण्याची एक तार तेवढी चालू राहिली. तात्या कोणाकडे पाहत होते न कळे, पण आम्हा सातजणांना वाटले की ते आपल्याकडेच पाहताहेत. प्रत्येकाचे एक जांभूळ असतेच की हो अधांतरी!

पहाटे आरती झाली. आजींनी तात्यांच्या पायांवर डोके ठेवले, आणि तात्यांनी त्यांच्या. चहा पिताना मी विद्यार्थ्याला बाजूला घेतले आणि म्हणालो, "त्या दिवशी वर्गात मीही हसलो होतो. ते चुकले." तो बुधलीकडे बघत म्हणाला, "तेल घातलंत ना सर रात्रभर." एवढेच. सुट्टीनंतर तो वर्गात येऊ लागला.

श्रोतेहो, मी त्या रात्री मोबाइलवर थोडे ध्वनिमुद्रण केले होते. घरी येऊन ऐकले तर संबळाचा खणखणाट, कुत्र्याचे भुंकणे आणि मध्येच माझाच खोकला. तेलाचा वास त्यात नव्हता, म्हातारीचे जोडलेले हात नव्हते, आणि ते थांबणेही नव्हते. यंत्रात ते नुसते रिकामे वाटत होते. रेडिओवरून बोलताना हे म्हणणे चमत्कारिक दिसेल. पण रेडिओने आपल्याला दारापर्यंत आणावे, आत जाऊन बसावयाचे ते आपणच.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे. तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. गोंधळ्याची, वाघ्याची, वासुदेवाची. तिला उभे करून "वाजवून दाखव" असे म्हणू नका. तिच्या घरी जाऊन आधी ऐका. आणि ज्यांच्या घरी कार्य असेल त्यांनी गोंधळ्याला "उरका" म्हणू नये. ऐकणारी सात माणसे असली तरी आख्यान होते. एकही नसले तर मात्र ते गाणाऱ्याच्या गळ्यातच राहते, आणि त्याच्याबरोबर जाते.

माझ्या वर्गात आजही गलका होतो. मी आजही डस्टर आपटतो. मात्र आता म्हणतो, "गलका करू नका." गोंधळ घालावयाचा असेल, तर त्याला आधी चौक भरावा लागतो.