ऑनलाइन पटावरचा हौशी खेळाडू

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या हौशी खेळाडूची शैली बरीचशी घड्याळ ठरवते. साधारणपणे तीन मिनिटांहून कमी वेळेच्या डावाला बुलेट म्हणतात, तीन ते दहा मिनिटांपर्यंतचा तो ब्लिट्झ आणि त्यापुढचा रॅपिड. रात्री जेवण आटोपून मोबाइल हातात घेणारा बहुधा ब्लिट्झ लावतो, आणि तिथे विचारापेक्षा सवय अधिक चालते. म्हणूनच आक्रमक दिसणारा खेळ पुष्कळदा नुसता घाईचा असतो.

नवख्याचे पहिले हत्यार ठरलेले. इ-४ ला प्यादे, सी-४ ला उंट, एच-५ ला वजीर आणि चौथ्या चालीला एफ-७ वर मात. हे घर हेरण्याचे कारण साधे: डावाच्या सुरुवातीला तिथल्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाच जोर नसतो. पण काळ्याने घोडा सी-६ ला काढून वेळीच जी-६ ला प्यादे सरकवले, की वजिराला माघार घ्यावी लागते. त्याच्या मागे लागता लागता काळ्याचे घोडे आयतेच बाहेर पडतात. काही आठवडे डाव जिंकून देणारी युक्ती मग उलटू लागते, आणि प्रगती पहिल्यांदा अडते.

ही प्रगती मोजणाऱ्या गुणांकनाचा पाया अर्पाद एलो यांनी घातला. हंगेरीत जन्मलेले एलो अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत २०० गुणांचा फरक असेल, तर वरचढाने चार डावांत सरासरी तीन गुण मिळवावेत असा तिचा हिशेब. मार्क ग्लिकमन यांच्या सुधारित पद्धतीत गुणांकनाचा आकडा किती भरवशाचा, हेही मोजले जाते. लिचेस या संकेतस्थळावर ती वापरतात. तिथे नवा खेळाडू १५०० वर सुरू होतो आणि पहिल्या काही डावांत आकडा भराभर वरखाली होतो. प्रत्येक संकेतस्थळावरचे खेळाडू वेगळे, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. हरल्याच्या रागात लगेच पुढचा डाव, मग आणखी एक, असे करत महिन्याची कमाई एका बैठकीत घालवणारे मात्र सगळीकडे सापडतात.

हौशी पातळीवर डाव हरण्याचे मुख्य कारण म्हणजे बिनजोर राहिलेला मोहरा. ओपनिंगच्या पंधरा चाली पाठ करूनही तो मोहरा वाचत नाही. दुसरा नेहमीचा अपघात शेवटच्या ओळीतला. काळ्याने किल्लेकोट करून राजा जी-८ वर नेलेला असतो, पुढची तीन प्यादी जागची हललेली नसतात; पांढरा हत्ती आठव्या ओळीत उतरतो आणि राजाला जायला घर उरत नाही. वेळ असताना एच-६ ला एक प्यादे ढकलले असते तर खिडकी राहिली असती. डाव संपल्यावर स्टॉकफिश हा संगणकीय विश्लेषक चूक कुठे झाली ते क्षणात दाखवतो. ती का झाली, हे खेळाडूने स्वतःच शोधायचे असते. त्यामुळे यंत्र लावण्याआधी हरलेला डाव एकदा स्वतः चाळणे अधिक फायद्याचे. दहा-पंधरा मिनिटांचे डाव आणि रोज थोडी कोडी, एवढ्यावरही खेळ सुधारतो. राजा-प्याद्याच्या अंतिम डावाकडे हौशी मंडळी फिरकतच नाहीत, आणि जिंकलेले डाव तिथे बरोबरीत सोडतात.

ऑनलाइन गुणांकन कितीही वाढले तरी फिडेच्या यादीत त्याला स्थान नाही. त्यासाठी गुणांकन स्पर्धेत उतरून गुणांकित खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव खेळावे लागतात. तिथे ज्या मोहऱ्याला चालीसाठी हात लागला तोच चालवावा लागतो, आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबावे लागते.