भूल उतरताना
(रौप्यमहोत्सवी आरोग्य व्याख्यान)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा बरेच जण चाळिशीत होतो. आता हर्निया, पित्ताशय अशी ऑपरेशनं घरोघर निघतात. मी भूलतज्ज्ञ, म्हणून लिफ्टमध्येही विचारणा होते, "मॅडम, भूल देताना धोका असतो का हो?" भूल उतरतानाचं मात्र कुणी विचारत नाही. आज तेच सांगते.

पूर्ण भुलीत बहुतेकदा श्वासनलिकेत नळी घातलेली असते. पेशंट जागा होऊ लागला की ती नळी खुपते. शरीराला वाटतं, संकट आलं! अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी धावते, रक्तदाब चढतो. नळी काढताना ही वाढ साधारण 10 ते 30 टक्के असते आणि 5 ते 15 मिनिटं टिकते. धडधाकट माणूस ती सहज सोसतो. पण हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर? हृदयाला स्वतःसाठी रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. नाडी वाढली की काम वाढतं आणि विसावा घटतो.

"मग गाढ झोपेतच काढा की नळी!" कधीकधी काढतोही. पण तेव्हा जीभ मागे पडून श्वास अडू शकतो, पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून बहुधा पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबतो आणि गरज असेल त्याला शिरेतून लिग्नोकेन किंवा एस्मोलॉल देतो.

ही गरज कुणाला, ते आम्हाला कळायला तुमची साथ हवी. मुलं काळजी करतील म्हणून छातीतलं दुखणं लपवू नका. सिगारेट ओढत असाल तर तेही सांगा. नळी काढताना खोकला जास्त येतो. "उपाशीपोटी या" म्हटलं की बरेच जण बीपीची गोळीही सोडतात. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा गोळ्या एकदम सोडल्या तर नाडी उसळते. त्या बहुधा सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात. काही गोळ्या मात्र थांबवाव्या लागतात. म्हणून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा आणि आम्हाला दाखवा.

आणि बाहेर बाकावर बसलेल्यांनो, "ऑपरेशन झालं, मग अजून बाहेर का आणत नाहीत?" असं वाटलं तर घाबरू नका. तेव्हा आम्ही पेशंटच्या उशाशी, मॉनिटरवर नजर ठेवून उभे असतो. ती मिनिटं आम्हाला द्या.