मक्तेदारांना अभय, नागरिकांवर पाळत
(नागरी स्वातंत्र्यावरील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



९ जुलै २००८ रोजी अमेरिकन सिनेटने ६९ विरुद्ध २८ मतांनी एक विधेयक संमत केले आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली. परकीय हेरगिरीवर पाळत ठेवण्यासंबंधीच्या १९७८ च्या कायद्यात दुरुस्ती, असे त्याचे निरुपद्रवी नाव होते. या दुरुस्तीने असे ठरवून टाकले की, ११ सप्टेंबर २००१ पासून १७ जानेवारी २००७ पर्यंत अध्यक्षांच्या हुकमावरून ज्या दूरसंचार कंपन्यांनी हेरखात्याला मदत केली, त्यांच्यावर नागरिकांचा दावा चालणार नाही. न्यायालयात आधीच उभे असलेले सुमारे चाळीस दावेही याच कलमाने निकालात काढले. गुन्हा घडून गेल्यानंतर, फिर्याद दाखल झाल्यानंतर आणि न्यायाधीशाने ती ऐकण्याची तयारी दाखविल्यानंतर कायदा बदलण्यात आला, तोही पूर्वलक्षी प्रभावाने.

या कायद्याची चर्चा सहसा 'सुरक्षा की स्वातंत्र्य' अशा ठराविक साच्यात होते. त्या साच्यात एक प्रश्न हरवून जातो. सरकारने खाजगी कंपन्यांच्या बचावासाठी एवढा आटापिटा का केला? अब्जावधी डॉलरची उलाढाल करणाऱ्या, पैशाला पासरी वकील बाळगणाऱ्या या कंपन्यांना स्वतःचा बचाव करता येत नव्हता काय? याचे उत्तर शोधू लागले म्हणजे सर्व व्यवहारावर प्रकाश पडतो.

कंपन्या आणि हेरखाते यांची ही हातमिळवणी काही २००१ साली सुरू झालेली नाही. दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ साली, अमेरिकन सैन्याच्या हेरखात्याने वेस्टर्न युनियन, आर.सी.ए. आणि आय.टी.टी. या तीन बड्या तार-कंपन्यांना गाठले आणि परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या प्रती मिळविण्यास सुरुवात केली. 'शॅमरॉक' असे या कारस्थानाचे सांकेतिक नाव. ते तीस वर्षे चालले. अखेरच्या काळात दर महिन्याला सुमारे दीड लाख संदेश हेरखात्याचे अधिकारी नजरेखालून घालीत होते. आपण करतो आहोत ते बेकायदा आहे याची कंपन्यांना पुरेपूर जाणीव होती. म्हणूनच १९४७ साली त्यांच्या प्रतिनिधींनी संरक्षणमंत्री फॉरेस्टल यांच्याकडून खटला होणार नाही असे आश्वासन मागून घेतले. २००८ साली कायद्याच्या पुस्तकात जे अभय छापले गेले, ते त्या वेळी बंद दाराआड तोंडी दिले गेले होते, एवढाच काय तो फरक.

१९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे कार्यकर्ते आणि नागरी हक्कांच्या चळवळीचे नेते यांच्यावर पाळत ठेवली गेल्याचे त्या सुमारास उघड झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांचेही नाव त्या यादीत होते. देशाच्या सुरक्षेच्या नावाने उघडलेले दप्तर लढणाऱ्या जनतेच्या नावांनी भरते, हा प्रत्येक देशातला अनुभव आहे. त्या संतापाच्या लाटेतूनच १९७८ चा कायदा जन्माला आला. हेरगिरीच्या कामी देशात कोणाचे संभाषण ऐकायचे तर खास न्यायालयाची परवानगी हवी, आणि बेकायदा पाळत ठेवली तर पीडिताला नुकसानभरपाई मागता यावी, अशी तरतूद त्यात होती. भरपाईची रक्कम मोठी नव्हती: किमान एक हजार डॉलर किंवा दिवसाला शंभर डॉलर, यांतील जी अधिक असेल ती. पण लक्षावधी ग्राहकांच्या बाबतीत हा हिशेब केला की कोणत्याही संचालक मंडळाची झोप उडावी. आणि तोच त्या तरतुदीचा हेतू होता. सरकारने भलतीच मागणी केली तर 'आधी न्यायालयाचा हुकूम दाखवा' असे म्हणणे कंपनीच्याच हिताचे ठरावे, ही त्यामागची योजना होती.

ही योजना अव्यवहार्य नव्हती याचा पुरावा आहे. क्वेस्ट या कंपनीने २००१ नंतर ग्राहकांच्या नोंदी कायदेशीर हुकमावाचून देण्याचे नाकारले, असे २००६ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले व कंपनीच्या माजी प्रमुखांच्या वकिलाने त्यास दुजोरा दिला. याचा अर्थ नकार देता येत होता. ज्यांनी तो दिला नाही त्यांना कायदा ठाऊक नव्हता असे म्हणणे म्हणजे शुद्ध धूळफेक होय.

आता सॅन फ्रान्सिस्कोकडे वळू. तेथील फॉल्सम रस्त्यावरील ६११ क्रमांकाच्या इमारतीत ए.टी. अँड टी. कंपनीचे मोठे केंद्र होते. मार्क क्लाइन नावाचे एक तंत्रज्ञ, कंपनीत बावीस वर्षांहून अधिक नोकरी झालेले, तेथे इंटरनेटच्या जोडण्यांची देखभाल करीत असत. सहाव्या मजल्यावर ६४१-ए ही एक खोली बांधली गेली होती. २४ फूट गुणिले ४८ फूट, एवढीच तिची व्याप्ती; पण हेरखात्याने पारखून घेतलेल्या माणसाखेरीज कोणालाही तिथे प्रवेश नव्हता. क्लाइन यांच्या हाती जोडण्यांचे आराखडे आले तेव्हा त्यांना उलगडा झाला. काचेच्या तंतूंतून जाणारा प्रकाश एका कपाटात दुभंगला जात होता. एक धारा आपल्या मार्गाने पुढे जाई, दुसरी त्याच संदेशांची तंतोतंत प्रत घेऊन त्या खोलीत शिरे. अमक्या संशयिताचे तेवढे वेगळे काढावे असा काही प्रकार या कपाटात नव्हता. तारेतून जे जाईल त्या सर्वांची प्रत.

क्लाइन २००४ साली निवृत्त झाले. डिसेंबर २००५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अध्यक्षांच्या विनावॉरंट पाळतीची बातमी फोडली, तेव्हा त्यांनी आपल्याजवळची कागदपत्रे 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन' या संस्थेकडे नेऊन दिली. पुढे २००७ च्या नोव्हेंबरात स्वतः वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी कंपन्यांना अभय देऊ नका म्हणून लोकप्रतिनिधींची दारे ठोठावली. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. संचालकांनी लपविले, मंत्र्यांनी नाकारले, आणि सत्य बाहेर काढले ते हातात पक्कड धरणाऱ्या माणसाने. तारा कोण जोडतो हे ज्यांना माहीत असते त्यांच्यापासून काहीही फार काळ लपविता येत नाही, हे तार-टेलिफोन खात्यातील कामगारांना सांगण्याची गरज नाही.

या संस्थेने जानेवारी २००६ मध्ये ए.टी. अँड टी. विरुद्ध ग्राहकांच्या वतीने दावा लावला. सरकार त्यात धावून आले आणि शासकीय गुपिताचा विशेषाधिकार पुढे करून दावा फेटाळण्याची मागणी केली. २० जुलै २००६ रोजी न्यायाधीश वॉन वॉकर यांनी ती फेटाळली. हे न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षाने नेमलेले होते, हे ध्यानात घ्यावे. फिर्यादीत वर्णन केलेली सरसकट पाळत कायदेशीर आहे असे कोणतीही समंजस कंपनी मानू शकली नसती, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. सरकारविरुद्ध सरळ जाण्याच्या वाटा एकेक करून बंद होत होत्या. डेट्रॉइटच्या न्यायाधीश ॲना डिग्ज टेलर यांनी ऑगस्ट २००६ मध्ये ही पाळत घटनाबाह्य ठरविली. वर्षभरातच वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला. कारण काय? तर फिर्यादींना आपल्यावर पाळत होती हे सिद्ध करता येत नाही. ते सिद्ध करणारा कागद सरकारच्या तिजोरीत, आणि तिजोरीची किल्ली सरकारच्या खिशात! दुसऱ्या एका प्रकरणात सरकारच्याच चुकीने असा कागद फिर्यादींच्या हाती पडला, न्यायाधीश वॉकर यांनी २०१० साली त्यांच्या बाजूने निकालही दिला. पण २०१२ साली वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की या कलमाखाली सार्वभौम सरकारवर दावा लागतच नाही. राहता राहिली कंपनी. तिला सार्वभौमत्वाचे कवच नव्हते. तिच्या इमारतीला पत्ता होता, खोलीला क्रमांक होता, कपाटाचा आराखडा होता. कंपनीवरील दावा हा सरकारच्या बेकायदा कृत्यापर्यंत पोहोचण्याचा नागरिकांना उरलेला सर्वांत खात्रीचा दरवाजा होता, आणि २००८ च्या कायद्याने नेमका तोच भिंत घालून बंद केला. कंपनीचा पैसा वाचला हा त्यातला दुय्यम लाभ. वाचविण्यात आले ते राज्यकर्त्यांना.

भिंत घालण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. अ‍ॅटर्नी जनरलने एक प्रमाणपत्र द्यावे: कंपनीला लेखी विनंती केली होती, ती अध्यक्षांनी अधिकृत केलेली होती आणि ती कायदेशीर असल्याचे तिच्यात म्हटले होते. ती खरोखर कायदेशीर होती की नाही, हे न्यायाधीशाने तपासायचे नाही. उघड केल्यास सुरक्षेला धोका असे सरकारने म्हटले, तर कागद बंद खोलीत, फिर्यादीच्या गैरहजेरीत पाहायचे. ३ जून २००९ रोजी न्यायाधीश वॉकर यांनाच आपल्यापुढील दावे या कायद्यानुसार काढून टाकावे लागले. वरिष्ठ न्यायालयाने २०११ साली ते कायम केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

या कामी दोन्ही बुर्झ्वा पक्षांचे कसे सूत जमले हेही पाहावे. मार्च २००८ मध्ये प्रतिनिधीगृहाने अभयाशिवायचे विधेयक २१३ विरुद्ध १९७ मतांनी संमत केले होते. तीन महिन्यांत त्याच सभागृहाने अभयासह विधेयक २९३ विरुद्ध १२९ मतांनी स्वीकारले. बराक ओबामा यांच्या प्रचारकचेरीने २००७ साली अशा कोणत्याही विधेयकाची अडवणूक करण्याचे वचन दिले होते. अभयाचे कलम वगळण्याच्या दुरुस्तीला त्यांनी मत दिले खरे, पण ती ३२ विरुद्ध ६६ मतांनी पडल्यावर अंतिम विधेयकालाही मत देऊन ते मोकळे झाले. सिनेटर डॉड आणि फाइनगोल्ड यांच्यासारखे मोजके लोक अखेरपर्यंत लढले, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवावयास हवी.

कंपन्यांनी हे सर्व देशभक्तीपोटी केले, असा त्यांच्या कैवाऱ्यांचा दावा होता. जानेवारी २००८ मध्ये न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात केंद्रीय तपास संस्थेने वेळेवर बिले न भरल्यामुळे कंपन्यांनी तिच्यासाठी चाललेल्या टॅपिंगच्या जोडण्या तोडल्याची उदाहरणे आहेत. देशभक्ती थकबाकीपर्यंत टिकली! २००८ च्या कायद्याने हीही अडचण दूर केली. पुढील काळासाठी त्यात दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: हुकमाप्रमाणे माहिती देणाऱ्या कंपनीवर दावा नाही, आणि तिला प्रचलित दराने मोबदला. मक्तेदार भांडवलाचा धंदा परवाने, सरकारी कंत्राटे आणि विलीनीकरणाच्या मंजुऱ्या यांवर चालतो. २००६ च्या अखेरीस ए.टी. अँड टी.ला बेलसाउथ ही प्रचंड कंपनी गिळण्यास मंजुरी मिळाली. हेरगिरीतील मदतीशी तिचा संबंध होता असे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि तसे म्हणण्याचीही गरज नाही. ज्याच्या सहीवर एवढा मोठा व्यवहार अवलंबून असतो, त्याला कोणती कंपनी सहजासहजी 'नाही' म्हणेल?

परिणाम कळण्यास फार काळ लागला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की, पाळतीची नुसती भीती दाव्यास पुरेशी नाही. जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदांत, वेगळ्या कलमाखालचा का असेना, पण व्हेरायझन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या सर्व कॉलच्या नोंदी रोजच्या रोज हवाली कराव्यात असा गुप्त न्यायालयाचा हुकूमच निघाला. एप्रिल २०२४ मध्ये २००८ च्या पाळत-अधिकारांना दोन वर्षांची मुदतवाढ देताना, हुकूम बजावता येईल अशा संस्थांची व्याख्या आणखी रुंदावली. अमेरिकन नागरिकांचे संदेश धुंडाळण्यापूर्वी वॉरंट घ्यावे, ही दुरुस्ती प्रतिनिधीगृहात २१२ विरुद्ध २१२ अशा समसमान मतांनी पडली. एका मताने!

या साऱ्याचा भारताशी संबंध काय, असे कोणी विचारील. पहिला संबंध सरळ आहे. ज्या कलमाभोवती हे सर्व चालले, ते अमेरिकेबाहेरील परकीयांवरील पाळतीचे कलम आहे. मुंबई-पुण्याच्या किंवा बडोदे-इंदूरच्या माणसाचे पत्र अमेरिकन कंपनीच्या यंत्रावर साठलेले असेल, तर त्याच्यासाठी वॉरंटचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरा संबंध घरचा आहे. इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्यातील पाचवे कलम स्वातंत्र्यानंतरही टॅपिंगचा आधार म्हणून शाबूत राहिले. डिसेंबर १९९६ मध्ये पी.यू.सी.एल.च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने काही बंधने घातली. त्या याचिकेच्या मुळाशी केंद्रीय अन्वेषण विभागाचा एक अहवाल होता, आणि महानगर टेलिफोन निगमच्या दप्तरात अधिकृत हुकमाविना वा मुदत उलटूनही टॅपिंग झाल्याच्या नोंदी त्यात आढळल्या होत्या. तरीही आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. गृहसचिवाचा हुकूम आणि सचिवांची आढावा समिती यांवर भागविले. डिसेंबर २०२३ मध्ये, विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित असताना, नवा दूरसंचार कायदा संसदेतून काढून घेण्यात आला. अडवून ऐकण्याचा अधिकार त्याच्या विसाव्या कलमात जसाच्या तसा आहे, आणि हुकूम देणारे व तो तपासणारे दोघेही सरकारी अधिकारीच आहेत.

२००७ च्या नियमांनी कंपन्यांना आपल्या नोकरांच्या कृत्याबद्दल जबाबदार धरले होते. पण परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल कारवाई करावयाची ती सरकारने. ज्याचा फोन ऐकला गेला त्याला तसे कळविण्याची तरतूद नव्हती आणि नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करण्याची होती. येथे अमेरिकेसारखे अभयाचे वेगळे कलम लिहिण्याची वेळच आली नाही, कारण दावा लावण्याइतकी माहिती नागरिकाच्या हाती पडणार नाही अशी व्यवस्था आधीपासून होती. म्हणून टॅपिंगविरोधी मागणीपत्रात 'आधी न्यायाधीशाची परवानगी' एवढेच लिहून भागणार नाही. पाळत संपल्यावर ठरावीक मुदतीत त्या व्यक्तीला लेखी सूचना, बेकायदा हुकूम पाळणाऱ्या कंपनीवर दिवाणी दाव्याचा हक्क, आलेल्या हुकमांची संख्या दरवर्षी प्रसिद्ध करण्याची कंपनीवर सक्ती, आणि बेकायदा जोडणी उघडकीस आणणाऱ्या तंत्रज्ञाच्या नोकरीला संरक्षण, या चार गोष्टी त्यात असावयास हव्यात. यांतील शेवटची गोष्ट दूरसंचार कामगारांच्या संघटनांनी आपल्या मागण्यांत आजच घालावी. तिच्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही.